स्वभावाला औषध

"स्वभावाला औषध नसतं," आई म्हणायची
हुमणात आमसुलं टाकता टाकता,
नाव न घेता. मी ऐकत असे.
मला सगळंच ऐकू येई:
दारामागचा उसासा, ताट जरा जोरात ठेवल्याचा आवाज,
फोनवर कुणी 'हं' म्हणायला
लावलेला एक सेकंद जास्त.

त्या एका सेकंदापायी मी
नऊ वर्षांची मैत्री मोडली आहे.
नियोमीला सकाळी देवी म्हटलं, संध्याकाळी सैतान,
आणि रात्री चोडणच्या धक्क्यावरून
सतरा फोन: सोडून जाऊ नकोस.
खलाशाने दोर सोडला, माझ्याकडे बघून पुन्हा बांधला.
शेवटची फेरीबोट पाच मिनिटं थांबली.
मी चढले नाही.

आईने कौल लावला. पाकळी उजवी पडली.
घर खूश. मी भर मे महिन्यात
लांब बाह्यांचा कुडता घालून प्रसाद वाटत होते.

पणजीच्या एका दैनिकात मी मुद्रितं तपासते.
लोकांचे ऱ्हस्व दीर्घ करते, दीर्घ ऱ्हस्व,
तीन वेळा राजीनामा दिलाय, दोनदा रडून परत घेतलाय.
तिसरा संपादकांनी खणात ठेवलाय,
म्हणतात, यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

बांबोळीला डॉक्टर सेवेरिना म्हणाल्या, बॉर्डरलाइन.
व्यक्तिमत्त्वाचा विकार.
म्हणजे मीच विकार? हात मोडला तर हात मोडतो,
व्यक्तिमत्त्व मोडलं तर राहतं कोण?
घरी येऊन शब्दकोश काढला. सवयच ती.
निदान: रोगाची ओळख.
निदान: किमान, एवढं तरी.
त्या रात्री दुसऱ्या अर्थावर झोपले.

सरळ गोळी नाही यावर. झोपेची एक,
तीही थोडे दिवस. बाकी दर गुरुवारी पन्नास मिनिटं,
मंगळवारी गट, प्लास्टिकच्या आठ खुर्च्या,
आणि एक वही. रकाने: राग, लाज, रिकामपण,
शून्य ते पाच. पहिल्या महिन्यात
मी सगळीकडे पाच लिहिलं. कागद फाटेल इतकं दाबून.

बाबांना वही दाखवली नाही. पण ते आपले
खाजनाच्या बांधावर मला सोबत नेऊ लागले.
बांधात जिथे पाण्याला दार असतं
त्याला आमच्याकडे मानस म्हणतात.
भरतीला बाहेरचं पाणी दार ढकलून मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
"आपण काय करायचं मग?" मी विचारलं.
"फळी कुजली का बघायचं," बाबा म्हणाले,
आणि कंदील मला धरायला दिला.

गुरुवारी मी हे सांगितलं, जरा ऐटीतच,
मन आणि मानस वगैरे.
डॉक्टर म्हणाल्या, "सुंदर आहे. लिहून ठेव.
आता सोमवारी रात्री काय झालं?"

सोमवारी रात्री मी नियोमीला मेसेज लिहिला.
मुठीत बर्फ धरला, सांगितल्याप्रमाणे,
तो वितळून कोपरापर्यंत ओघळला,
दुसरा धरला. वीस मिनिटं.
मग पाठवलाच.
पण चार ओळी गाळून.
"कुठल्या चार?" डॉक्टरांनी विचारलं,
आणि पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं.

आई अजून तीच म्हण म्हणते,
हल्ली मांजराबद्दल.
गुरुवारी पिशवीत डबा असतो, न सांगता.
राग: तीन. लाज: चार.
रिकामपण: पाच, हो, अजूनही पाच.

चौदा महिन्यांनी फोन उचलला नियोमीने.
मी म्हटलं, मी बोलतेय.
मग तो सेकंद आला. लांबलचक.
पलीकडे मासेवाल्याचा भोंगा, कुकरची शिट्टी,
आणि मी त्या सेकंदात
नुसती उभी,
काही न पाठवता, काही न तोडता.

"हं," ती म्हणाली.